सरकारची वर्गणी

मॅडम भिंतींचा वास घेत असत. गढा म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या शहराचा जुना भाग; तिथल्या कुठल्याही गल्लीत त्या अचानक थांबायच्या, खांद्यावरची कापडी पिशवी सावरायच्या, तळहाताची उलटी बाजू भिंतीला लावायच्या आणि मग नाक जवळ नेऊन डोळे मिटायच्या. घरातल्या माणसांना आत काय चाललं आहे ते सोडून बाहेर यावंच लागे. मग मॅडम अगदी नम्रपणे विचारत, "भैया, बरसात में ये दीवार कहाँ तक गीली होती है?"

त्या बेल्जियमच्या होत्या. साठी ओलांडलेली, उंच, थोड्या पोक काढून चालणाऱ्या. पायात पुरुषी चपला. आमच्या विद्यापीठात त्या इतिहासाच्या संशोधक विद्यार्थिनी होत्या, आणि गढ्यातले बुजलेले जुने तलाव शोधणं हा त्यांचा विषय होता. जिथे तलाव होते तिथे आता घरं आहेत, दुकानं आहेत, मंगल कार्यालय आहे. पण पाणी जागा विसरत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून भिंतींची ओल. लोकांना हे काही पटायचं नाही. एका दुकानदाराने त्यांना अतिक्रमण हटवणाऱ्यांपैकी समजून भर दुपारी शटर ओढून घेतलं होतं. मॅडम शटरलाच हात लावून म्हणाल्या, "इथे ओल नाही," आणि पुढे गेल्या.

मी त्यांच्यासोबत कशी फिरू लागले ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या आमच्या शेजारच्या काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात कोणाला काय विचारावं, कसं विचारावं, काहीच कळत नसे. मी गप्प बसायचे. मॅडमनी एकदा जिन्यात मला थांबवून विचारलं, "तू माझ्यासोबत येशील? बायका माझ्याशी बोलत नाहीत. तू बोल." मी म्हटलं, मला बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही येत नाही. दोघी मिळून येईल."

बाबांना हे आवडलं नाही. ते खमरियाला लष्कराच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला. ते म्हणाले, "उद्या फॅक्टरीत कोणी विचारलं, तुझी पोरगी विदेशी बाईसोबत नकाशे घेऊन काहून फिरून राहिली, तर मी काय सांगू?" मी हे मॅडमना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कसं कोण जाणे कळलं. रविवारी सकाळी त्या स्वतः आल्या आणि आमच्या फरशीवर आपला नकाशा पसरून बसल्या. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, "मॅडमजी, यात तर सगळा चिखलच आहे." मॅडम इतक्या हसल्या की आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. त्यानंतर बाबा काही बोलले नाहीत.

मॅडम काकूंकडून मराठी शिकल्या होत्या आणि वर्गात हिंदी. त्यामुळे त्यांची हिंदी पुस्तकातली आणि मराठी काकूंच्या ओट्यावरची. "काहून" हा शब्द त्यांना फार आवडे. भाजीवाल्यापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना त्या काहून विचारत.

आणखी एक गोष्ट त्या सारख्या विचारत. "माझा वाटा कुठला?" ज्या घरी चहा प्यायल्या त्या घरी आठवडाभरात साखरेची पुडी घेऊन जायच्या. लोकांना ते लागे. एकदा एका आजींनी पुडी घेतलीच नाही. काकूंनी मग मॅडमना समजावलं.

"मॅडम, असं करत नाहीत. चहाचा हिशोब ठेवत नाहीत."

"मग मी काय करू?"

"काही नाही करायचं. प्यायचा आणि उठायचं."

"तेच तर कठीण आहे, काकू."

काकूंचं घराणं इथे भोसल्यांच्या चाकरीत आलेलं, असं त्या सांगत. नवरा शिक्षक होता, तो गेला. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी परदेशात गेला आणि तिकडचाच झाला. म्हणजे खरोखरच, कागदोपत्री. त्याचा फोन येई, पण काकू त्याच्याबद्दल फार बोलत नसत. मॅडम वरच्या खोलीत आल्यापासून काकूंना जिन्यावरच्या पावलांची सवय झाली होती. संध्याकाळी उशीर झाला की त्या मला विचारत, "अजून कशा नाही आल्या ग? कुठली भिंत हुंगत बसल्या?"

आता गणपतीची गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या भागातल्या मराठी घरांचा मिळून एक गणपती बसतो. वर्गणी मागायला मुलं घरोघरी जातात, पावती फाडतात. पाहुण्यांकडून वर्गणी घेत नाहीत. मॅडम आल्याच्या पहिल्या वर्षी मुलं काकूंकडे आली, पावती दिली आणि जिना न चढता निघाली. मॅडम वरून पाहत होत्या.

"माझी पावती?"

मुलांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्याकडच्या. माझ्या पावतीत आलात तुम्ही."

"मी वेगळी रांधते," मॅडम म्हणाल्या. "माझी शेगडी वेगळी आहे."

मुलं बुचकळ्यात पडली, कारण मंडळाचा नियम खरंच तसा आहे. एका घरात दोन भाऊ असले आणि चुली वेगळ्या असल्या तर पावत्या दोन. मुलांनी जाऊन मोठ्यांना विचारलं. मोठ्यांचं त्यावर बरंच बोलणं झालं असावं, कारण मुलं दिवेलागणीला परत आली. जिना चढून वर गेली. मॅडमच्या नावाची वेगळी पावती फाडली गेली.

त्या वर्षी मॅडमना महाप्रसादानंतर पातेली घासायचं काम मिळालं. काम मिळालं असंच त्या म्हणत. राखेने हात काळे करून, बायकांच्या रांगेत उकिडव्या बसलेल्या मॅडम मला अजून दिसतात. कोणी तरी म्हणालं, "अहो, त्यांना काहून बसवलं?" तेव्हा काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "पावती आहे त्यांची."

पुढे काही वर्षांनी मॅडमचं मनगट मोडलं. एका जुन्या बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्यांवर शेवाळावरून घसरल्या. मी सोबत होते. ई-रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या. नाममात्र चिठ्ठीचे पैसे सोडले तर काही लागलं नाही. मॅडम एका हाताने पाकीट उघडून खिडकीसमोर उभ्याच राहिल्या.

"पैसे कहाँ देना है?"

"हो गया मैडम. सरकारी है."

"सरकार को कौन देता है?"

खिडकीतला माणूस वैतागला नाही, हसला. "हम देते हैं, और कौन. चलिए, पीछे लाइन है."

 दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "तू कॉमर्सची आहेस. इथे कर भरायला कुठे नाव लिहितात?"

मला माहीत नव्हतं. कॉमर्सच्या मुलीला सगळं माहीत असतं असं आमच्या गल्लीत समजतात, पण मी तेव्हा जमाखर्चाच्या पहिल्या धड्यातच अडखळत होते. मी बाजारातल्या, बडा फुहाऱ्याजवळच्या एका करसल्लागार वकीलसाहेबांचं नाव काढलं. कपड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. मराठीच होते, काकूंच्या नवऱ्याचे विद्यार्थी.

वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मॅडम पहिली काही वर्षं साठवलेल्या पैशांवर राहिल्या होत्या. ते संपल्यावर त्यांनी काम धरलं. कपडे धुण्याच्या मशीनची, गवत कापायच्या यंत्रांची माहितीपुस्तकं एका भाषेतून दुसरीत करायची, इथे बसून, लॅपटॉपवर. पैसे तिकडच्या बँकेत.

"वर्षभर इथेच असता?"

"हो. होळी, दिवाळी, सगळं."

"मग करापुरत्या तुम्ही इथल्या रहिवासी झाल्या. नियम आहे. पण तिकडे कर कापूनच पैसे मिळतात ना? मग तोच कर दोनदा लागू नये म्हणून दोन देशांचा करार आहे. इथे फार काही निघणार नाही."

"थोडं निघेल?"

"थोडं निघेल."

"मग लिहा माझं नाव."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ऐका. तुमचा व्हिसा शिक्षणाचा आहे. त्यावर कमाई करायची परवानगी नाही. आता तुम्ही स्वतःहून लिहून देणार की मी इथे बसून कमावते. कोणी विचारून राहिलं का तुम्हाला? नाही. पुढेही विचारणार नाही. काहून उगाच?"

"एकच सरकार आहे ना?"

"सरकार एकच. खिडक्या वेगळ्या. या खिडकीवरचा कागद त्या खिडकीवर नेला तर मी काही करू शकणार नाही."

मॅडमनी विचार करते म्हणून सांगितलं. आणि खरंच केला, पावसाळाभर. त्या दिवसांत त्या भिंतींकडेही नीट लक्ष देत नव्हत्या. नाव लिहिलं नाही तर सगळं होतं तसं चालणार होतं. वर्षाच्या वर्षाला विद्यापीठाचं पत्र, मग व्हिसाची मुदतवाढ, मग पुढचा तलाव. लिहिलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं, किंवा मग गढा सुटणार होता. तिकडे त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. एक बहीण होती, तिच्याशी फार बोलणं नव्हतं.

आमच्या ओट्यावर यावर रोज चर्चा व्हायची. बाबा म्हणाले, "मॅडमजी, आमचा पगारातूनच कापतात म्हणून देतो. मागितला नाही तर कोण देते?" मॅडम नुसत्या हसल्या.

उत्तर दिलं काकूंनी. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "भरू द्या त्यांना. आमच्या ह्याचं तसंच झालं. आधी तिकडे कर भरायला लागला. मग म्हणाला, आई, राहायचा कागद मिळाला. मग म्हणाला, आता मी इथलाच. कर भरला की माणूस तिथला होतो. मी पाहिलंय."

मॅडमनी काकूंकडे पाहिलं. मी दोघींकडे पाहत होते. मला वाटलं, काही तरी बोलावं, वकीलसाहेबांनी काय सांगितलं होतं ते परत सांगावं. पण काकू ज्या खात्रीने बोलत होत्या तिच्यापुढे कोणी काय सांगणार. त्यांचा मुलगा ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने कोणी इकडे येईल असं त्यांना वाटत होतं. आणि मॅडमना ते ऐकायचंच होतं. पावसाळा संपता संपता त्यांनी नाव नोंदवलं. पुढे विवरण भरलं, थोडा कर निघाला तोही भरला.

त्याची पोचपावती छापून आणली तेव्हा काकूंनी ती देवापुढे ठेवली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या, लहान मुलीसारखे हात मागे बांधून.

मग व्हिसाच्या मुदतवाढीची वेळ आली. दरवर्षी अर्जात एक रकाना असे, खर्च कसा भागवता. आधी त्या साठवलेले पैसे असं लिहीत, आणि ते खरंच होतं. आता ते संपलेले होते. या वेळी त्यांनी भाषांतराचं काम असं लिहिलं आणि कराची पोचपावती जोडली. हळदकुंकवाचा कोपरा तसाच. वकीलसाहेबांना विचारलं नाही. मला सोबत चल म्हणाल्या, म्हणून मी गेले.

परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतले साहेब मॅडमना ओळखत होते. दरवर्षी तलाव सापडला का म्हणून विचारायचे. त्यांनी कागद उलटले, थांबले, आणि चेहरा बदलला.

"मैडम, ये आपने क्यों लगाया? हमने तो माँगा नहीं था."

"मैं टैक्स देती हूँ," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मला अजून ऐकवत नाही. "मैं यहाँ की रहिवासी हूँ."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पोचपावती आणि तो अर्ज त्यांनी टाचणी काढून वेगळे केले आणि टेबलावरून मॅडमकडे सरकवले.

"ये वापस ले लीजिए. नया फ़ॉर्म देता हूँ. लिख दीजिए, बहन पैसे भेजती है. घर से मदद आती है, इसमें कोई दिक्कत नहीं. मैंने कुछ देखा नहीं."

मॅडमनी कागदांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही, पण हो किंवा नाही असं काही दाखवूही शकले नाही. मला आतून वाटत होतं की त्यांनी ते कागद उचलून पिशवीत टाकावेत.

"बहन नहीं भेजती," त्या म्हणाल्या.

"मैडम, लिखना ही तो है."

"मैं काम करती हूँ. टैक्स देती हूँ. आप कहते हैं मैं लिखूँ कि मैं नहीं करती?"

साहेबांनी नवा फॉर्म परत खणात ठेवला. मग कागद परत ओढून घेतले आणि टाचणी लावली. "आपने हमारे हाथ बाँध दिए," एवढंच म्हणाले, आणि त्यात राग नव्हता.

मुदतवाढ मिळाली नाही. देश सोडायची मुदत मिळाली, थोडी. वकीलसाहेब पहिल्यांदा चिडले, "मी सांगितलं होतं मॅडम, सांगितलं होतं," असं दोनदा म्हणाले, मग स्वतःच त्यांनी विनंतीअर्ज लिहिला. त्याचा उपयोग झाला नाही. व्हिसाच्या अटी मोडल्याची नोंद झाली होती. वकीलसाहेबांनी मॅडमना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आता पुन्हा इकडचा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य आहे, आशा धरू नका. मॅडमनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मला परत येता येणार नाही, हे काकूंना सांगू नकोस."

जाण्याआधी त्यांनी काही तमाशा केला नाही. खोली झाडली, नकाशा विद्यापीठात जमा केला. बाबा फॅक्टरीतून सुट्टी घेऊन स्टेशनवर आले, सामान उचललं आणि डब्यात चढवलं. काकू आल्या नाहीत. दोन दिवस त्या ओट्यावरही बसल्या नव्हत्या. मी परत आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात अंधारातच बसून होत्या. म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं ना ग त्यांना. कर भरा म्हणून."

मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही काकू. पण त्या ऐकत नव्हत्या.

"माझ्या पोराला तिकडे ठेवून घेतलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मग आपल्या लोकांनी हिला काहून नाही ठेवलं?"

 आता मी शेवटच्या वर्षाला आहे, आयकराचा पेपर चांगल्या गुणांनी पास झाले आहे, तरी काकूंचा तो प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

वरची खोली काकूंनी दुसऱ्या कोणाला दिली नाही. विचारलं की म्हणायच्या, "त्यांचं काम अर्धं राहिलंय." मॅडम तिकडे बहिणीच्या गावी राहतात. त्यांचं माझं फोनवर बोलणं होतं, पण कमी. तिकडच्या भिंतींना वास येत नाही असं त्यांनी एकदा सांगितलं.

यंदा पावसाळ्यात माझ्या मोबाईलवर एक संदेश आला. नोंदणी करताना मॅडमनी नंबर माझा दिला होता, हे मी विसरूनच गेले होते. आयकर खात्याचा संदेश, मॅडमच्या नावाने. आपण गेल्या वर्षी विवरण भरलं होतं, या वर्षी अजून भरलेलं नाही, मुदत जवळ आली आहे, कृपया भरावं. यंत्राने पाठवलेला, पण फार अदबीने लिहिलेला.

मी तो काकूंना वाचून दाखवला. दाखवायला नको होता की काय, माहीत नाही. काकू एकदम सरळ बसल्या.

"म्हणजे सरकार त्यांना बोलवून राहिलं?"

"बोलवत नाही काकू. त्या अजून इथेच राहतात असं सरकारला वाटतं."

"मग बरोबरच वाटतं. लाव फोन."

मी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मॅडमनी संदेश दोनदा वाचायला लावला. 

"माझं नाव अजून आहे तिथे?"

"आहे, मॅडम."

"मी राहत नाही ना पण आता. तसं कळवायची सोय असेल."

होती. मी वकीलसाहेबांना आधीच विचारलं होतं. एक उत्तर निवडायचं, करदाता आता भारतात राहत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी संदेश येणार नाही. मी तसं सांगितलं.

"मग तेच लिही," मॅडम म्हणाल्या. "राहत नाही."

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना तो धरायची सवय नाही, तोंडासमोर आडवा धरून त्या मोठ्याने बोलू लागल्या.

"काहून लिहायचं तसं? आज नाही राहत, उद्या राहाल. खोली तशीच आहे तुमची. तुम्ही परत येणार ना?"

 मला वकीलसाहेबांचं ऑफिस आठवलं. मॅडमना माहीत होतं. मला माहीत होतं. त्या खरं सांगतील असं मला वाटलं, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मी काकूंच्या जवळ सरकून बसले.

"हो काकू," मॅडम म्हणाल्या. "येणार."

"कधी?"

"पुढच्या पावसाळ्यात. भिंती ओल्या झाल्या की."

काकूंनी मान हलवली, जणू मॅडमना ती दिसत होती. फोन माझ्या हातात देऊन त्या उठल्या, किल्ली घेतली आणि जिन्याचा कठडा धरून सावकाश वर गेल्या. खोलीच्या खिडक्या उघडल्याचा आवाज आला. मग झाडूचा.

फोन चालूच होता. मी कानाला लावला.

"गेल्या त्या?" मॅडमनी विचारलं.

"हो. वर."

"आता लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं.